वांगं एवढं तेल का पितं? इटलीचं 'पार्मिजाना' कमी तेलात करताना नेमकं काय बदलतं?

काचेच्या भांड्यात वांग्याच्या चकत्यांचे थर, मध्ये लालबुंद टोमॅटो, वर खरपूस झालेलं चीज. चमचा घालून उचललं की चीजची तार लांबच लांब ताणली जाते. असा व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असेल. खाली लिहिलेलं असतं, 'हेल्दी', 'झिरो ऑइल', 'गिल्ट फ्री'. व्हिडिओ सेव्ह होतो, रविवारी घरी प्रयोग होतो आणि भांड्यातून निघतो तो पाण्यात पोहणारा, चिवट सालांचा एक पदार्थ. घरातलं कोणी तरी विचारतं, "यापेक्षा भरीत केलं असतं तर?"

प्रश्न चुकीचा नाही. कारण या पदार्थातलं सगळं गणित भरताच्याच तत्त्वावर सुटतं.

पदार्थाचं खरं नाव 'पार्मिजाना दी मेलानझाने'. दक्षिण इटलीतला हा उन्हाळ्यातला घरगुती पदार्थ आहे. मूळ पद्धतीत वांगं तळतात. हलक्या पद्धतीत ते ओव्हनमध्ये भाजतात. ऐकायला फरक एवढाच, पण तळण्याऐवजी भाजलं की पुढच्या प्रत्येक पायरीवर काही ना काही बदलावं लागतं. बहुतेक रील्समध्ये नेमकं तेच गाळलेलं असतं.

आधी वांग्याचा प्रवास

वांगं मूळचं आपल्याकडचं, म्हणजे आशियातलं. अरब व्यापारी आणि शेतकऱ्यांमार्फत ते मध्ययुगात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर पोहोचलं. इटलीत त्याचं स्वागत काही फार प्रेमाने झालं नाही. 'मेलानझाना' या नावाचा अर्थ लोकांनी 'मेला इन्साना' असा लावला, म्हणजे वेडं सफरचंद. हे खाल्लं की डोकं फिरतं, असा समज होता.

पेल्लेग्रिनो आर्तुझी यांचं १८९१ सालचं पाककृतींचं पुस्तक इटलीत आजही घराघरात असतं. त्यात त्यांनी नोंदवलंय की चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगं क्वचितच दिसायचं, कारण ते ज्यूंचं खाणं म्हणून हलक्या दर्जाचं मानलं जायचं. दक्षिणेत मात्र चित्र वेगळं होतं. सिसिली आणि नेपल्सच्या स्वयंपाकघरांत वांगं केव्हाच रुळलं होतं.

टोमॅटो आला दुसऱ्या दिशेने, अमेरिका खंडातून, सोळाव्या शतकात. त्याच्याकडेही बराच काळ संशयानेच पाहिलं गेलं. १६९०च्या दशकात नेपल्समध्ये छापलेल्या अंतोनियो लातिनी यांच्या पुस्तकात टोमॅटोच्या सॉसची कृती सापडते. म्हणजे पार्मिजानातल्या दोन्ही मुख्य भाज्या इटलीच्या नाहीत. एक पूर्वेकडून आली, एक पश्चिमेकडून.

नावावरून भांडण आजही चालू आहे. पार्मा शहरावरून नाव पडलं, असं उत्तरेकडचे लोक म्हणतात. सिसिलीचे लोक सांगतात की खिडकीच्या झडपांच्या आडव्या पट्ट्यांना त्यांच्या बोलीत 'पार्मिचाना' म्हणतात आणि चकत्या तशाच एकावर एक रचतात म्हणून हे नाव. नेपल्सवाले दोघांनाही बाजूला सारून पदार्थ आमचाच म्हणतात. हा वाद मिटण्याची चिन्हं नाहीत आणि मिटावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाही.

वांगं तेल पितं म्हणजे नक्की काय होतं?

कच्चं वांगं चिरून दाबून पाहा, स्पंजासारखं दबतं. त्याच्या गरात पेशींच्या मधोमध हवेच्या असंख्य पोकळ्या असतात. गरम तेलात चकती पडली की ही हवा बाहेर पडते आणि रिकाम्या झालेल्या पोकळ्यांमध्ये तेल ओढलं जातं. कढईत तेल कमी दिसलं म्हणून आपण आणखी ओततो, तेही जातं. पुढे उष्णतेने पेशी मोडून गर बसतो, तेव्हा थोडं तेल बाहेर येतं. पण तोवर बरंच तेल आत मुरलेलं असतं.

वांग्याचे काप करणाऱ्यांना हे सांगायला नकोच. म्हणून तर आपण कापांना तांदळाचं पीठ आणि रवा लावतो. तो थर चव आणि कुरकुरीतपणा देतोच, शिवाय तेलाला थोडा अडसरही होतो. पार्मिजाना म्हणजे ढोबळमानाने कापांचीच चळत, फक्त मध्ये टोमॅटो आणि चीज.

आता आकडे पाहू. १०० ग्रॅम कच्च्या वांग्यात साधारण २५ कॅलरी असतात, कारण नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पाणीच असतो. एक किलो वांगी म्हणजे सुमारे २५० कॅलरी. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. समजा, तळताना या एक किलो वांग्यांनी १५० ग्रॅम तेल प्यायलं, तर नुसत्या तेलाच्या १,३५० कॅलरी झाल्या. भाजीच्या पाचपट. चौघांत वाटलं तरी प्रत्येकाच्या ताटात तेलाच्या ३३० च्या पुढे.

ओव्हनमध्ये तेवढ्याच वांग्यांना तीन मोठे चमचे तेल पुरतं. एका मोठ्या चमच्यात १५ मिलिलिटर तेल मावतं आणि त्याच्या १२० च्या आसपास कॅलरी होतात, म्हणजे तीन चमच्यांच्या सुमारे ३७०. वाचलेल्या जवळजवळ हजार कॅलरी चीजमधल्या नाहीत, सॉसमधल्या नाहीत. त्या एकट्या तळणातल्या आहेत. 'लाइट' पार्मिजाना म्हणून जे चीज काढून टाकतात पण वांगं मात्र तळून घेतात, त्यांनी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली असं म्हणावं लागेल.

तुमच्या घरी वांगं किती तेल पितं हे मोजायचं असेल तर फार सोपं आहे. तळण्याआधी आणि नंतर कढईसकट तेलाचं वजन करा. तळल्यावर चकत्या ज्या कागदावर निथळल्या, त्याचंही वजन आधी-नंतर करा. बाकीचं पोटात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाचा विषय काढून घरातलं खाद्यतेल १० टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं होतं. रोजच्या फोडणीत १० टक्के मोजणं कठीण जातं. पण ज्या पदार्थात तेल एवढं उघड आत शिरतं, तिथे पद्धत बदलली की फरक आपोआप दिसतो.

मग 'झिरो ऑइल' का नको?

दोन कारणं. पहिलं चवीचं. तेलाचा पातळ हात नसेल तर चकतीचा पृष्ठभाग ओव्हनमध्ये नुसता वाळतो, भाजला जात नाही. आत कचवट आणि बाहेर चामड्यासारखं, असं वांगं खायला लागतं.

दुसरं कारण टोमॅटोशी जोडलेलं आहे. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन हे द्रव्य पाण्यात नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. टोमॅटो शिजवला आणि सोबत थोडं तेल असलं की शरीर ते जास्त चांगलं शोषून घेतं. तेल शून्यावर आणून आपण टोमॅटोचा फायदाही कमी करून घेतो. थोडक्यात, कमी तेल हा शहाणपणा आहे, शून्य तेल हा बहुतेक वेळा मथळा असतो.

खानदेशी भरीत करणारे हेच करतात. वांगं आधी काड्यांच्या जाळावर तेलाशिवाय भाजायचं, त्यातलं पाणी आणि हवा जाऊ द्यायची, गर बसू द्यायचा. तेल येतं ते शेवटी, फोडणीत. तोवर वांग्याची तेल पिण्याची ताकद संपलेली असते. हलकं पार्मिजाना करायचं तर कापांची सवय सोडून भरताची धरायची.

कोणतं वांगं घ्यायचं?

मोठं, गरभरीत, कमी बियांचं. भरल्या वांग्याची छोटी काटेरी वांगी इथे चालत नाहीत, चकत्या फार लहान होतात आणि बियाच जास्त लागतात. बाजारात जांभळं मोठं भरताचं वांगं मिळतं ते चांगलं. जळगावचं हिरवट-पांढरं भरताचं वांगं मिळालं तर त्याहून चांगलं. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे आणि गर भरपूर, बिया कमी हे त्याचे गुण इथे तंतोतंत कामाला येतात. हातात घेतल्यावर वांगं आकाराच्या मानाने हलकं आणि साल तुकतुकीत हवी. जड वांग्यात बिया जास्त निघण्याची शक्यता असते.

चकत्या एक सेंटिमीटर जाडीच्या कापा. बरेच जण हलकं म्हणजे पातळ असं समजून पापडासारख्या चकत्या करतात. त्या ओव्हनमध्ये सुकून चिवट होतात आणि मग कितीही सॉस घाला, सुधारत नाहीत.

पूर्वी मीठ लावून ठेवायचं ते कडूपणा जावा म्हणून. आजची वांगी तितकी कडू नसतात. पण मिठाचं दुसरं काम अजूनही उपयोगी आहे. मीठ गरातलं पाणी बाहेर ओढतं, पेशी बसतात, पोकळ्या कमी होतात आणि पुढे तेल कमी शोषलं जातं. एक किलोला एक छोटा चमचा मीठ, अर्धा तास चाळणीत, मग धुऊन स्वच्छ कापडाने दाबून कोरडं करायचं. मायक्रोवेव्ह असेल तर कागदावर चकत्या पसरून पाच-सहा मिनिटं फिरवल्या तरी गर बसतो आणि मिठाची गरजच राहत नाही. घरात कोणाला रक्तदाब असेल तर हा दुसरा मार्ग बरा, कारण पुढे चीजमधूनही मीठ येणारच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. चीजचा पदार्थ खाताना ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

भाजताना सगळ्यात जास्त चुका होतात

ओव्हन किंवा ओटीजी २२० अंशांवर आधी दहा-पंधरा मिनिटं तापवून घ्या, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू. ट्रेवर बेकिंगचा कागद. चकत्या एकाच थरात, एकमेकींना न चिकटता. ही अट कंटाळवाणी वाटते, पण सगळी गंमत इथेच आहे. चकत्या एकमेकींवर चढल्या की त्यांच्यातून निघणारी वाफ अडकते आणि वांगं भाजण्याऐवजी उकडतं. पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तांबूस रंग, खरपूस वास येण्यासाठी पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास पोहोचावा लागतो.

तेल ब्रशने लावा, दोन्ही बाजूंनी. बोलमध्ये चकत्या टाकून वरून तेल ओतायची युक्ती इथे फसते. पहिल्या चार चकत्या सगळं तेल पिऊन टाकतात आणि बाकीच्या कोरड्या राहतात. २५ ते ३० मिनिटं भाजायचं, मध्ये एकदा उलटायचं. सुरी सहज आत गेली आणि कडा तांबूस झाल्या की काढा.

घरच्या छोट्या ओटीजीत एक किलोचे काप एका वेळी मावणार नाहीत, दोन-तीन घाण्या लागतील. रील्समध्ये हा तास-दीड तास कापलेला असतो. वेळ नसेल तर जाड तव्यावर तेलाचा हात फिरवून मध्यम आचेवर काप भाजले तरी चालतं, झाकण मात्र ठेवू नका. एअर फ्रायरमध्येही होतं, पण तिथेही एकच थर. चकत्या आदल्या दिवशी भाजून फ्रीजमध्ये ठेवल्या तरी हरकत नाही.

टोमॅटोचं पाणी टोमॅटोतच आटवा

पाणचट पार्मिजानाचं खापर वांग्यावर फुटतं, पण बऱ्याचदा दोषी टोमॅटो असतो. त्यात ९४ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून शहरात येणारा संकरित टोमॅटो लांबचा प्रवास सोसावा म्हणून टणक आणि जाड सालीचा असतो. सॉसला तो चालतो, फक्त पूर्ण पिकलेला, लालभडक निवडा. खरेदी करून दोन दिवस फ्रीजच्या बाहेर ठेवला तर आणखी चांगला.

एक किलो टोमॅटो अर्धे कापून किसणीच्या मोठ्या बाजूवर किसा. गर खाली पडतो, साल हातात राहते, उकळून सोलायची भानगड नाही. स्टीलच्या पातेल्यात एक मोठा चमचा तेल, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, मग हा गर. ॲल्युमिनियमची कढई टाळा, टोमॅटोच्या आंबटपणाने तिची चव उतरते. मध्यम आचेवर झाकण न ठेवता अर्धा तास आटवा. झालं की नाही ते बघायला चमचाभर सॉस ताटलीत ठेवा. बाजूला पाण्याची कड सुटली तर अजून आटवायचा आहे.

केचप घालून रंग आणि गोडवा आणण्याचा मोह टाळा, त्यात साखर असते आणि मीठही. टोमॅटो फार आंबट निघाला तर सुरुवातीला एक बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर मऊ होईपर्यंत परता, त्याचा गोडवा पुरतो.

बेसिल मिळालं तर शेवटी पानं हाताने तोडून घाला. न मिळालं तर तुळस घालू नका, दोन्ही एकाच कुळातल्या असल्या तरी तुळशीचा वास वेगळा आणि उग्र. फालुद्यात जो सब्जा असतो, तो मात्र गोड बेसिलच्याच प्रजातीचं बी आहे. कुंडीत पेरलं तर रोपं येतात. इटालियन वाणासारखा वास येईलच असं नाही, पण जुळतं.

चीज कमी करायचं, काढायचं नाही

चीजऐवजी पनीर घातलं की पदार्थ हलका होतो, हा समज फार पसरलाय. चरबीच्या बाबतीत साधं पनीर आणि मोझरेला यांच्यात मोठा फरक नसतो. शिवाय पनीर वितळत नाही, कारण ते दूध आंबट करून फाडलेलं असतं आणि त्याची घडण मोझरेलासारखी ताणली जाणारी नसते. ते भुगा होऊन थरांत बसून राहतं. प्रथिनं हवीत म्हणून मधल्या थरात थोडं किसून घालायला हरकत नाही, पण हलकं म्हणून नको.

चार जणांना १२० ग्रॅम मोझरेला आणि ४० ग्रॅम कडक, जुनं, खारट चीज पुरतं. कडक चीज थोडं घातलं तरी चव भरपूर देतं, म्हणून तेच खरं कामाचं. मोझरेला पाण्यातला ताजा असेल तर फोडून अर्धा तास निथळत ठेवा. पिझ्झासाठीचा लादीतला मोझरेला आधीच कोरडा असतो.

शाकाहारी घरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. खरं पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने बनतं, तोच त्याचा नियम आहे. त्यामुळे ते शाकाहारी नाही. भारतात बनणाऱ्या त्या धाटणीच्या चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे का, ते पाहून घ्या. घटकांच्या यादीत वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर ते पूर्ण दुधाचं चीज नाही, हेही तिथेच कळतं.

थर, ओव्हन आणि वाट पाहणं

भांड्याच्या तळाला थोडा सॉस, त्यावर चकत्या, परत सॉस, कडक चीज, थोडा मोझरेला. असे तीन थर. सॉस सढळ हाताने ओतू नका, चकतीवर पसरेल इतकाच. सगळ्यात वर सॉस आणि उरलेलं चीज. सॉसमध्ये वेगळं मीठ घातलेलं नसेल तर चीजचं मीठ बरोबर बसतं. १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटं, कडेने बुडबुडे येऊन वरचा भाग तांबूस होईपर्यंत.

आणि मग वीस मिनिटं हात लावायचा नाही. गरम असताना कापलं तर थर घसरतात, सॉस वाहतो आणि 'बिघडलं' असं वाटतं. थोडं निवलं की चीज घट्ट होतं, वांगं रस आत घेतं आणि वडीसारखा तुकडा निघतो. इटलीतही पार्मिजाना वाफाळतं खात नाहीत, कोमट किंवा गार आवडीने खातात. तार ताणणारा व्हिडिओ हवा असेल तर मात्र गरमच कापावं लागेल, चव आणि रील यांतलं एकच निवडायचं.

वांगी २५०, त्यांचं तेल ३७०, टोमॅटो १८०, सॉसचं तेल १२०, चीज ५०० ते ५२०. सगळं मिळून १,४५० च्या आसपास, म्हणजे चौघांत प्रत्येकी साधारण ३६० कॅलरी. सोबत दोन पोळ्या किंवा पाव आणि काकडी असली की जेवण झालं. तळलेल्या वांग्याचं, दुप्पट चीज घातलेलं पार्मिजाना याच्या दुप्पट सहज होतं.

उरलंच तर झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरतं. इटलीत उरलेला तुकडा पावात घालून डब्यात नेतात. आपल्याकडचा लादीपाव तव्यावर किंचित भाजून घेतला, तर त्यातही तो छान बसतो.